दागिन्यात चोख किती? बेळगाव भागात सोनं घेताना, मोडताना आणि तारण ठेवताना

सासूबाईंच्या माघारी त्यांच्या दागिन्यांची तीन घरांत वाटणी करायची वेळ आली, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचं पहिलं मत असं पडलं की वजन करा आणि तीन वाटे करा. ते मत खोडून काढता काढता मला सोन्याच्या शुद्धतेचा अभ्यास करावा लागला. शहापूरची सराफ गल्ली, हॉलमार्किंग केंद्र (जिथे शुद्धता तपासून शिक्का मारतात), बँकेचा व्हॅल्युअर असे सगळे उंबरे झिजवून झाले. आता ओळखीतलं कुणी लग्नाचं सोनं घ्यायला निघालं की फोन येतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. दागिना कुठलाही असो, भाव कुणीही सांगो, तुम्ही एकच विचारायचं: ह्यात चोख किती निघतंय? चोख म्हणजे निव्वळ शुद्ध सोनं, ग्रॅममध्ये. तो आकडा हाती आल्याशिवाय रुपयांची गोष्ट ऐकूच नका.

बरोबर काय हवं

- जुनी बिलं, चिठ्ठ्या, अगदी पिवळ्या पडलेल्यासुद्धा
- आधार कार्ड. दोन लाखांवरचा व्यवहार असेल तर पॅन
- फोनमध्ये बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, बीआयएस केअर अ‍ॅप
- एक भिंग. शिक्का इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना लागत नाही
- दागिन्यांचे फोटो, दोन्ही बाजूंनी
- वही. दुकानदाराने तोंडी सांगितलेला प्रत्येक आकडा त्याच्यासमोर लिहायचा. बोलणं आपोआप जपून होतं

१. कॅरेट आणि टंच समजून घ्या

शुद्ध सोनं २४ कॅरेट. २२ कॅरेट म्हणजे चोविसातले बावीस भाग सोनं, उरलेले दोन तांबं, चांदी वगैरे. हजारात मोजलं तर ९१६, म्हणून लोक ‘नऊशे सोळा’ म्हणतात. २० कॅरेट म्हणजे ८३३, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५. २०२५ मध्ये ९ कॅरेट, म्हणजे ३७५, हेसुद्धा हॉलमार्कच्या यादीत आलं. सराफ हेच शेकड्यात सांगतात आणि त्याला टंच म्हणतात: ‘ह्याचा टंच ८४ आलाय’ म्हणजे शंभर ग्रॅममध्ये ८४ ग्रॅम सोनं.

रंगावर जाऊ नका. तांबं जास्त असलं की लालसर, चांदी जास्त असली की फिकट पिवळं दिसतं, कॅरेट तेच असलं तरी. आमच्या घरात ‘लाल सोनं म्हणजे जुनं, अस्सल’ असा समज होता. त्या लाल पाटल्यांचा टंच सगळ्यात कमी निघाला.

‘केडीएम’ शब्द अजूनही ऐकू येतो, विशेषतः पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या दागिन्यांबाबत. ते शुद्धतेचं प्रमाणपत्र नव्हे. त्या काळी डाग द्यायला, म्हणजे सांधे जोडायला, कॅडमियम वापरत. पूर्वीच्या डागात तांबं-चांदी जास्त असल्यामुळे दागिना वितळवला की टंच खाली येई. कॅडमियममुळे तो टिकायचा. पण त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक, म्हणून बीआयएसच्या मानकात त्याला जागा नाही. आज नव्या दागिन्याला कुणी ‘केडीएम आहे’ म्हणून भाव सांगू लागला तर दुसरं दुकान बघा.

आजीच्या काळातल्या दागिन्यांबद्दल आणखी एक गोष्ट. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी घातली होती. ती काही वर्षांत सैल झाली आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्दच झाला. पण त्या मधल्या काळात घडवलेला दागिना घरात असेल तर तो २२ कॅरेटचाच असेल असं धरून चालू नका. तपासा.

२. वजन: आधी ठोक, मग निव्वळ

आपल्याकडचे जुने दागिने पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. बोरमाळेचे मणी, वज्रटीक, कोल्हापुरी साजाची पानं, मंगळसूत्राच्या वाट्या, काही पाटल्या आणि तोडे, सगळ्यांत लाख. शिवाय दोरा, काळे मणी, मोती, खडे. काट्यावर येतं ते ठोक वजन. पैसे निव्वळ वजनाचे असतात.

विकत घेताना बिलावर दोन्ही वजनं वेगळी लिहून घ्या, खड्यांचं वजन तिसऱ्या रकान्यात. खडे सोन्याच्या भावाने घेतले जातात आणि मोडताना शून्य भावाने काढून टाकले जातात, हा सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा प्रकार. काट्यावर तीन दशांश दिसायला हवेत. दागिना ठेवण्याआधी शून्य दाखवायला सांगा, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

तोळ्याचा गोंधळ वेगळा. आज दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता: १२ मासे, ९६ गुंजा. सासूबाईंच्या डब्यात ‘२ तोळे ३ मासे ४ गुंजा’ अशी चिठ्ठी होती. नव्या तोळ्याने धरलं तर कुणीही साधारण २३ ग्रॅम म्हणेल. जुन्याने हिशेब करा: २३.३२८, अधिक २.९१६, अधिक ०.४८६, म्हणजे २६.७३ ग्रॅम. जवळजवळ चार ग्रॅमचा फरक. घरात ‘दहा तोळ्यांचं स्त्रीधन’ असं बोललं जात असेल तर कुठला तोळा हे आधी ठरवा, नाहीतर भांडण नक्की.

३. शिक्का वाचा

भारतात सोन्याचं हॉलमार्किंग २००० सालापासून आहे, पण ऐच्छिक होतं. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्ती सुरू झाली, मग यादी वाढत गेली. १ जुलै २०२१ पासून शिक्क्यात तीनच गोष्टी असतात:

- बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह
- शुद्धता, उदाहरणार्थ २२के९१६
- सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक, प्रत्येक नगाला वेगळा

१ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्क दागिना सराफ ग्राहकाला विकू शकत नाही. जुन्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर चार खुणा दिसतील: त्रिकोण, शुद्धता, केंद्राची खूण, सराफाची खूण. त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. आणि आपल्याकडचं शिक्काच नसलेलं जुनं सोनं सराफाकडे विकायलाही बंदी नाही. ‘आता हे कोण घेत नाही, आमच्याकडेच टाका’ असं सांगून भाव पाडणारे भेटतील, त्यांना हसून नमस्कार करा.

नुसतं ‘९१६’ ठोकलेलं असलं आणि त्रिकोण नसला, तर तो हॉलमार्क नव्हे. तो आकडा कुणीही ठोकू शकतो.

एचयूआयडी अ‍ॅपमध्ये घातला की सराफाची नोंदणी, हॉलमार्किंग केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. इथे घाई करू नका. क्रमांक खरा आहे एवढ्यावर थांबलात तर अर्धीच तपासणी झाली, कारण खरा क्रमांक दुसऱ्या दागिन्यावर उमटवता येतो. हातात बांगडी आहे आणि अ‍ॅप अंगठी म्हणतंय, तर तिथेच उठा. सराफाचं नाव तुम्ही बसलाय त्या दुकानाचं नसेल तर का नाही ते विचारा. ठोक व्यापाऱ्याकडून आलेल्या मालावर दुसरं नाव असू शकतं, पण उत्तर सरळ यायला हवं.

सक्तीतून काही गोष्टी सुटल्या आहेत: दोन ग्रॅमच्या आतला माल, कुंदन-पोलकी-जडावाचे दागिने, आणि वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेले छोटे सराफ. खेड्यातला सोनार शिक्का देत नाही म्हणून तो लबाड ठरत नाही. उचगाव, येळ्ळूर, कडोलीकडच्या कितीतरी घरांचा सोनार पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. फक्त त्याच्याकडून घेतलेल्या दागिन्याचा टंच बाहेर काढून बघा, विश्वास असला तरी.

४. टंच काढायच्या तीन पद्धती, आणि कुठली कधी

*कसोटी.* काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या शुद्धतेच्या सळईने रेघ ओढायची, वर तेजाब, म्हणजे आम्ल, सोडायचं आणि कुठली रेघ किती टिकते ते बघायचं. मुरलेल्या सोनाराचा अंदाज थक्क करणारा असतो, पण तो अंदाजच. शिवाय दगडाला लागतो तो वरचा थर. प्राथमिक चाचणी म्हणून ठीक.

*कॅरेट मीटर.* क्ष-किरणांचं यंत्र. बेळगावच्या खडेबाजारातल्या बहुतेक मोठ्या दुकानांत असतं. दागिना ठेवला की मिनिटभरात पडद्यावर सोनं, चांदी, तांबं, जस्त असे टक्के येतात. दागिना दुखावत नाही, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण हे यंत्रही पृष्ठभागच वाचतं, काही सहस्रांश मिलिमीटर. जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचा टंच सांगेल. सांध्यावर ठेवलं तर डागाचा टंच सांगेल, म्हणजे कमी. म्हणून एका नगावर निदान तीन ठिकाणी रीडिंग घ्यायला सांगा: मधे, कडेला, आतल्या बाजूला. तिन्ही आकडे वहीत. दुकानदाराने नेमका सांध्याचा आकडा धरून भाव काढला, तर बोट ठेवून विचारा की हो, हाच का धरला?

*भट्टीची चाचणी.* हीच खरी. दागिन्यातून थोडं सोनं काढतात, चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून छोट्या सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसं आणि हिणकस धातू मुशीत शोषले जातात. राहिलेल्या गोळीतली चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि चोख सोनं उरतं. त्याचं वजन भागिले नमुन्याचं वजन, की टंच मिळाला. मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून मिळतो. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५, वर जीएसटी. लाखो रुपयांच्या वाटणीत हा खर्च कुठेच नाही. यंत्राने तपासणार की भट्टीने, हे मात्र पावती फाडण्याआधी विचारा आणि लेखी अहवाल घ्या.

लोहचुंबक लावून बघणं, दाताने चावणं, पाण्यात टाकणं हे घरगुती प्रयोग सोडून द्या. तांबं आणि चांदी दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, आणि लाख भरलेल्या दागिन्याची घनता काढून काही कळत नाही.

वितळवून लगड करायचं ठरलं तर गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं वितळवणाऱ्याकडे, स्वतः उभं राहा. देशभरातले बरेच गलाईवाले मूळ विटा, आटपाडी, खानापूरकडचे. हे खानापूर सांगली जिल्ह्यातलं, आपलं बेळगावजवळचं नव्हे. वितळवण्याआधी लाख काढून निव्वळ वजन करा, नंतर लगडीचं करा, मग टंच काढा. लाख आणि मळ जळून थोडी घट येतेच. पण आधी वजनच केलं नसेल तर किती आली हे कुणाला विचारणार?

५. आता चोखचा हिशेब

निव्वळ वजन गुणिले टंच. इतकंच. हिशेब सोपा व्हावा म्हणून चोख सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू.

बोरमाळ: ठोक २४ ग्रॅम. लाख, दोरा वजा जाऊन निव्वळ १८.५. टंच ८४. चोख १५.५४ ग्रॅम, किंमत १,५५,४०० रुपये.

हॉलमार्कच्या बांगड्या: १८ ग्रॅम, ९१६. चोख १६.४८८ ग्रॅम, किंमत १,६४,८८० रुपये.

काट्यावर बोरमाळ सहा ग्रॅमने जड, आणि किमतीला बांगड्या ९,४८० रुपयांनी वरचढ. आमच्या वाटणीचा तिढा नेमका इथे होता. मोठ्या जाऊबाईंना वाटत होतं जड दागिने धाकटीकडे चाललेत. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग बोरमाळ मलाच द्या, मला घालायची आहे, मोडायची नाही.’ फरक रोखीने भागवला आणि विषय मिटला.

६. नवीन घेताना

भाव कुठला ते बघा. इंडियन बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन कामाच्या दिवशी ९९९, ९९५, ९१६, ७५० आणि ५८५ शुद्धतेचे भाव जाहीर करते, जीएसटी सोडून. दुकानाच्या फलकावरचा भाव त्याहून थोडा वेगळा असतो, पण फार लांब असू नये.

खरी मेख मजुरीत. सीमाभागात दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. जुने मराठी सराफ घडणावळ ग्रॅममागे रुपयांत सांगतात. दक्षिणेकडच्या साखळी दुकानांत ‘वेस्टेज’ टक्क्यांत लावतात, म्हणजे सोन्याचं वजनच तितकं वाढवून पैसे घेतात. दोन्ही ऐकायला सारखे वाटतात. १० ग्रॅमची २२ कॅरेटची चेन घ्या:

घडणावळ ग्रॅमला ७००: सोनं ९१,६००, मजुरी ७,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी. एकूण १,०१,५५८.

वेस्टेज १२ टक्के: ११.२ ग्रॅमचे पैसे, म्हणजे १,०२,५९२, अधिक जीएसटी. एकूण सुमारे १,०५,६७०.

दोन्ही चेनींत चोख ९.१६ ग्रॅमच. म्हणून ‘आज मजुरी माफ’ असा फलक दिसला की वेस्टेज किती ते विचारा, आणि ‘वेस्टेज शून्य’ दिसलं की भाव. सोनं वर गेलं की टक्क्यांतली मजुरीही आपोआप वर जाते, काम तेवढंच असताना. माझं मत ग्रॅममागच्या घडणावळीकडे झुकतं ते ह्यामुळे.

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, जावं की बेळगावातच घ्यावं, हा प्रश्न दर लग्नसराईत येतो. जीएसटी दोन्हीकडे ३ टक्केच. साज, ठुशी, चिंचपेटीची घडण हवी असेल तर जरूर जा, पण नुसत्या भावासाठी पेट्रोल जाळू नका. येताना मूळ बिल अंगावर ठेवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत सीमेवर कोगनोळी किंवा शिनोळीकडे गाडी अडवून झडती झाली तर ते बिलच उपयोगी पडतं.

बिलावर हवं ते: शुद्धता, निव्वळ वजन, एचयूआयडी असलेल्या नगाचा तपशील, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, हॉलमार्किंगचा आकार आणि जीएसटी, सगळं वेगवेगळं. हॉलमार्किंगला नगामागे ४५ रुपये अधिक कर. त्यासाठी कुणी पाचशे लावले तर खोडायला लावा. बिल कन्नडमध्ये असलं तरी हरकत नाही, आकडे कळतात. ‘पक्कं बिल नको, जीएसटी वाचेल’ म्हणणाऱ्याकडून मात्र काहीच घेऊ नका. पाडव्याला, अक्षय तृतीयेला मुहूर्ताची गर्दी असते आणि कुणालाच तपासायला वेळ नसतो. आधी चार दिवस जाऊन दागिना पसंत करा, शिक्का बघा, मुहूर्ताला फक्त घेऊन या.

७. मोडायला नेताना

घरातून निघण्याआधी चोखचा अंदाज वहीत लिहिलेला असू द्या. दोन दुकानांत विचारा, आणि दोघांना एकच प्रश्न: निव्वळ किती धरलं, टंच किती धरला, भाव किती, बट्टा किती? काही जण टंच नीट सांगतात आणि वर पुन्हा ‘घट’ म्हणून चार-पाच टक्के कापतात. टंचात हीण आधीच वजा झालेलं असतं, दुसऱ्यांदा कशाचं? थोडा बट्टा, म्हणजे दुकानदाराची कपात, समजण्यासारखा आहे, त्यालाही वितळवायचा खर्च असतो. पण तो आकडा वेगळा दिसला पाहिजे.

जुनं देऊन नवं घेताना दोन्ही व्यवहार वेगळे मांडायला लावा. ‘तुमचं एवढं वजा, वर एवढे द्या’ असा एकच आकडा आला की त्यात काय काय विरघळलं ते कळत नाही.

आणि दारावर ‘दागिने चमकवून देतो’ म्हणत येणारे. त्यांच्या भांड्यातल्या आम्लात सोनं विरघळतं, दागिना लखलखीत परत मिळतो आणि हलका झालेला असतो. दार लावून घ्या.

८. तारण ठेवताना

बँक खडे, लाख, घडणावळ काहीच धरत नाही, फक्त सोनं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२६ पासून पाळणं बंधनकारक, घरगुती गरजेच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. भाव मागच्या ३० दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा, जो कमी तो. टंच काढताना कर्जदाराने हजर असायला हवं, आणि ठोक वजन, निव्वळ वजन, शुद्धता, वजावट असलेला दाखला मिळायला हवा. तो मागून घ्या. पतसंस्था आणि सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी पतसंस्था) ह्या रिझर्व्ह बँकेच्या ह्या नियमांत येत नाहीत. तिथे कर्ज लवकर मिळतं हे खरं, पण दाखला तिथेही मागा.

९. टंच कमी निघाला तर

हॉलमार्कचा दागिना बिलातल्या शुद्धतेपेक्षा कमी निघाला, तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीची दुप्पट भरपाई आणि चाचणीचा खर्च मिळतो. २२ म्हणून घेतलेली १० ग्रॅमची चेन २० कॅरेटची, म्हणजे ८३३ निघाली, तर तूट ०.८३ ग्रॅम, वरच्या भावाने ८,३०० आणि भरपाई १६,६००.

आधी केंद्राचा लेखी अहवाल घेऊन दुकानात जा. बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर बीआयएस केअर अ‍ॅपवरून तक्रार, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे दागिना कोल्हापुरात घेतला असला तरी निपाणी-खानापूरच्या माणसाला बेळगावातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रारीला बिलाची आणि अहवालाची झेरॉक्स जोडा. मूळ कागद आणि दागिना निकाल लागेपर्यंत स्वतःकडे ठेवा, आणि तोवर तो पॉलिशला किंवा दुरुस्तीला देऊ नका.